३५ लाख येनमध्ये रोडस्टर, जीआर ८६ की जुनी फेअरलेडी झेड?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नवरा-बायको कावासाकीत भाड्याच्या घरात राहता, अजून चारएक वर्षं जपानमध्ये आहात, मग पुण्याला परत. पुण्यात पोलो चालवायचात. बजेट सगळं धरून ३५ लाख येन. यादीत तीन गाड्या: माझदा रोडस्टर (सध्याची एनडी पिढी, १.५ लिटर), टोयोटा जीआर ८६, आणि २००९ ते २०१२च्या दरम्यानची निस्सान फेअरलेडी झेड, म्हणजे झेड ३४. झेड सगळ्यात स्वस्त मिळतेय आणि ताकद सगळ्यात जास्त, मग ‘व्हॅल्यू फॉर मनी’ तीच नाही का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय आई-बाबा मे महिन्यात येणार आहेत आणि जमलंच तर गाडी पुण्याला न्यायचा विचार आहे.

मी नागोयाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. शाकेन, म्हणजे इथे दर दोन वर्षांनी करावी लागणारी गाडीची सक्तीची तपासणी, आणि लिलावातून आलेल्या जुन्या गाड्या विकायला काढण्याआधी बघणं, हा रोजचा धंदा. त्यामुळे माझं मत गाडीच्या खालून बनलेलं आहे. व्हिडिओवाल्यांशी ते जुळेलच असं नाही.

तुम्ही हिशेब मांडलाय तो किंमत भागिले हॉर्सपॉवर असा. त्या हिशेबात झेडच जिंकणार, त्यात वादच नाही. पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. ३५ लाख आज हातातून जाणार, चार वर्षांनी गाडी विकल्यावर त्यातले किती परत येणार, मधल्या काळात गाडी दरवर्षी किती खाणार, आणि या चार वर्षांत तुम्ही तिची किल्ली आवडीने किती वेळा उचलणार? स्पोर्ट्स कारची किंमत वसूल होते ती एवढ्यातच.

गाडीकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे तुमचं जपानी लायसन्स. भारतीय लायसन्स बदलून घेताना फुतामातागावाच्या केंद्रावर प्रॅक्टिकल तुम्ही ऑटोमॅटिकवर दिलं असेल, तर लायसन्सवर ‘फक्त एटी’ ही अट आहे. लवकर पास व्हावं म्हणून आपली बरीच मंडळी ऑटोमॅटिकवरच देतात आणि मग मॅन्युअल रोडस्टर बघायला येतात. अट काढता येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किमान चार तासांचं प्रशिक्षण आणि वर परीक्षा. तिन्ही गाड्या ऑटोमॅटिकमध्येही मिळतात, पण पोलोचा गिअर टाकायची सवय असलेल्या माणसाने या गाड्या ऑटोमॅटिक घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट पार्किंग. घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण कावासाकी-योकोहामाकडच्या बऱ्याच इमारतींमध्ये पार्किंग मेकॅनिकल असतं, गाडी ट्रेवर चढवायची आणि ट्रे वर किंवा खाली जातो. त्या ट्रेवर गाडीची रुंदी, उंची आणि वजन किती चालेल याची पाटी असते. झेड ३४ची रुंदी १८४५ मिमी आहे. जीआर ८६ची १७७५ आणि रोडस्टरची १७३५. पाटीवर १८०० लिहिलं असेल तर झेडचा विषय तिथेच संपला. १८५० असेल तर दोन्ही बाजू मिळून ५ मिमी उरतात, आणि अलॉयच्या कडा रोज ट्रेच्या कठड्याला घासत बसतील. मागच्या मालकाने गाडी बसवलेली, म्हणजे स्प्रिंग बदलून खाली केलेली असेल, तर पोटही घासेल. तेव्हा आज संध्याकाळी खाली जाऊन त्या पाटीचा फोटो काढा.

आता पैशाचं बघू. इथे दरवर्षी मे महिन्यात येणारा मोटार कर इंजिनाच्या आकारावर ठरतो, आणि ऑक्टोबर २०१९ नंतर पहिल्यांदा नोंदलेल्या गाड्यांना तो थोडा कमी आहे. १.५ लिटरच्या रोडस्टरला ३०,५०० येन, त्याआधीची नोंदणी असेल तर ३४,५००. जीआर ८६चं इंजिन २.४ लिटरचं आणि सगळ्या गाड्या २०२१ किंवा त्यानंतरच्या, म्हणून ४३,५००. झेड ३४ ३.७ लिटरची, तिला मूळचा कर ६६,५००. त्यावर पेट्रोल गाडीच्या पहिल्या नोंदणीला १३ वर्षं उलटली की साधारण १५ टक्के वाढीव आकारणी होते. तुम्ही बघताय त्या झेड आता त्या वयात गेल्या आहेत, म्हणजे वर्षाला ७६,४००. चार वर्षांत झेडचे झाले ३,०५,६०० आणि २०१९ नंतरच्या रोडस्टरचे १,२२,०००. हा फरक गाडी जागची न हलवता पडतो.

शाकेनच्या वेळी वजनावरचा कर असतो तो वेगळा, अर्ध्या टनाच्या टप्प्याने. दोन वर्षांसाठी एक टनापर्यंत १६,४००, दीड टनापर्यंत २४,६००, दोन टनांपर्यंत ३२,८००, आणि १३ वर्षांनंतर हेही वाढतं. झेड तिच्या ग्रेडनुसार, म्हणजे व्हेरियंटनुसार, दीड टनाच्या अलीकडे-पलीकडे असते, म्हणून जाहिरातीतल्या नेमक्या गाडीचं वजन बघून घ्या. जीआर ८६ १,२७० किलोच्या आसपास. रोडस्टरची सगळ्यात साधी ‘एस’ ग्रेड ९९० किलोची होती, म्हणजे टनाच्या आत. तिच्या वरच्या ग्रेड टनाच्या जरा पुढे जातात, आणि नंतरच्या मोठ्या सुधारणेत साधी ग्रेडही टन ओलांडून गेली. इथे फरक काही हजारांचाच आहे, त्यासाठी ग्रेड निवडू नका.

टायरचा खर्च मात्र माणसं हमखास विसरतात. १.५च्या रोडस्टरला १९५/५० आर१६, चारही सारखे. जीआर ८६च्या आरझेड ग्रेडला २१५/४० आर१८, तेही चारही सारखे. झेडच्या १९ इंची चाकांना पुढे २४५ आणि मागे २७५, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. मागचे दोन आधी संपतात आणि तेच महागडे. पेट्रोल तिघींनाही हाय-ऑक्टेनच लागतं, पण मॅन्युअल रोडस्टरचा कागदावरचा आकडा लिटरला १६.८ किमी आहे, जीआर ८६चा १२च्या आसपास, आणि झेड शहरात दोन आकडी गाठली तर नशीब.

विम्याचा आकडा मी इथे सांगू शकत नाही. तो तुमच्या वयावर, आधीच्या विम्यावर आणि मॉडेलवर अवलंबून आहे. पहिल्यांदाच विमा घेत असाल तर तुमची सुरुवात विम्याच्या सवलतीच्या सहाव्या ग्रेडपासून होईल, म्हणजे फारशी सवलत नाही, आणि मॉडेलच्या अपघातांच्या इतिहासाप्रमाणे १ ते १७ असा वर्ग लागतो तो वेगळा. कोटेशन मागताना मॉडेल कोड द्या: रोडस्टरसाठी एनडी५आरसी, जीआर ८६साठी झेडएन८, फेअरलेडीसाठी झेड३४. तिन्हींची कोटेशनं शेजारी ठेवून बघा. जुन्या झेडला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर फार मोठ्या रकमेचं मिळणार नाही, कारण कागदावर तिची किंमत आता कमी धरली जाते.

एवढं ऐकून झेड वाईट गाडी आहे असा समज करून घेऊ नका. ३.७ लिटरचं व्ही-६, टर्बो नाही, ३३६ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), ७,००० फेऱ्यांपर्यंत ओढत जाते. गिअर खाली टाकताना इंजिनाच्या फेऱ्या आपोआप जुळवणारी यंत्रणा मॅन्युअल गाडीत पहिल्यांदा आणली ती हिनेच, २००८मध्ये. अंगात दम आहे आणि रस्त्यावर ती बसलेली दिसते. अडचण तिच्या वयाची आहे. माझ्याकडे अशी गाडी आली की मी आधी इंजिनकडे जातच नाही, क्लचकडे जातो. गाडी अर्धा तास चालवून गरम करतो, मग उभी करून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबतो. पेडल मऊ पडलं किंवा वर यायला रेंगाळलं तर रिझर्व्हॉयरचं झाकण उघडून तेलाचा रंग बघायचा. काळं कुळकुळीत असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग, जायच्या मार्गावर आहे. या गाडीत तो गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगच्या जागी बसवलेला आहे. पार्टची किंमत मोठी नाही, पण तिथे पोचायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, फ्लायव्हील असं सगळंच बदलून घ्यावंसं वाटतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार. निस्सानच्या त्या काळातल्या व्हीक्यू इंजिनांमध्ये, झेडचं त्यातलंच, टायमिंग कव्हरमागच्या ऑइल गॅलरीचं (ऑइल वाहण्याच्या मार्गाचं) कागदी गॅस्केट फुटून ऑइल प्रेशर पडतं, हाही माहीत असलेला दोष आहे. तिथेही पार्ट किरकोळ आणि उघडझाप मोठी. सर्व्हिसची वही पूर्ण असलेली, एका मालकाची, २०१३ नंतरची झेड मिळाली तर गोष्ट वेगळी. पण तशी गाडी तुमच्या ‘सगळ्यात स्वस्त’ यादीत सापडणार नाही.

पीएसबद्दल जाता जाता. १९८९पासून २००४पर्यंत जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवून २८० पीएसच्या वर आकडा जाहीरच केला नाही, आणि त्या पंधरा वर्षांत इथल्या सगळ्यात नावाजलेल्या स्पोर्ट्स कार बनल्या. एक्सप्रेसवेवर मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० आहे, शिन-तोमेइच्या शिझुओकातल्या पट्ट्यात १२०. झेड दुसऱ्या गिअरमध्येच शंभराच्या घरात जाते. म्हणजे तिची जी ताकद तुम्ही ‘फुकटात मिळतेय’ म्हणून मोजताय, ती हाकोनेच्या घाटातल्या वळणांवरही निम्मीसुद्धा वापरली जाणार नाही. रोडस्टरचं १३० पीएसच्या जरा वरचं इंजिन मात्र तुम्ही एखाद्या रविवारी सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये साडेसात हजारांपर्यंत फिरवून आणू शकता, तेही लायसन्स शाबूत ठेवून.

आता राहिल्या दोन. खरी निवड यांच्यातच आहे आणि ती अवघड आहे, कारण दोन्ही चांगल्या आहेत.

जीआर ८६ बनते सुबारूच्या गुन्मातल्या कारखान्यात. इंजिन सुबारूचं ‘बॉक्सर’, म्हणजे समोरासमोर आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरचं, २.४ लिटर, २३५ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. आधीच्या पिढीत, म्हणजे २०१२च्या झेडएन६ मध्ये, २ लिटरचं इंजिन होतं आणि साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या मध्ये ओढ खचायची. घाटात नेमकं तिथेच इंजिन असतं, त्यामुळे ते फार जाणवायचं. नवीन इंजिनात पूर्ण टॉर्क ३,७०० फेऱ्यांनाच मिळतो आणि तो खड्डा गेलाय. म्हणून बजेट असताना जुनी ८६ घेऊ नका, असं मी सांगतो. २०१२-१३च्या काही गाड्यांना व्हॉल्व स्प्रिंगचा रिकॉल होता, त्याचं काम इंजिन उतरवून करावं लागलं. घ्यायचीच असेल तर ते कुठे आणि कसं झालं हे कागदावर बघा. आणि हो, जीआर ८६ शोधताना सुबारू बीआरझेडही शोधा, मॉडेल कोड झेडडी८. गाडी तीच, सस्पेन्शनची बांधणी थोडी वेगळी, बीआरझेड किंचित सौम्य वाटते. नावाचा गाजावाजा ८६चा जास्त, कारण १९८३च्या जुन्या ‘एई८६’ची, म्हणजे कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रुएनोची पुण्याई आणि कॉमिक्सवाल्यांची कृपा. त्यामुळे कधी कधी तशीच बीआरझेड जरा कमी भावात सापडते.

८६ घ्यायला आलेल्या माणसाला मी एकच इशारा देतो. ही गाडी ट्रॅकवर नेतात. त्यात वावगं काही नाही, ती त्यासाठीच आहे, पण विकणारा ते सांगत नाही. मी टॉर्च घेऊन चाकाच्या मागच्या कमानीत, आतल्या प्लास्टिकवर बघतो. ट्रॅकवर टायर वितळून त्याचे छोटे काळे गोळे उडतात आणि तिथे चिकटून बसतात. गाडी बाहेरून चकाचक धुतलेली असते, पण त्या कोपऱ्यात कुणाचा हात जात नाही. मग पुढच्या बंपरमधलं टो-हुकचं (गाडी ओढून नेण्याच्या हुकचं) चौकोनी झाकण बघतो. त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे असतील तर हुक वारंवार लावलेला आहे. ड्रायव्हरच्या सीटच्या खांद्यावर पट्टे घासल्याच्या खुणा, दारावर नंबराच्या स्टिकरचा चौकोनी डिंक, हेही बोलकं असतं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारायचं की ऑइल किती दिवसांनी बदललं. लांब उजव्या वळणात या इंजिनाचं ऑइल प्रेशर पडतं अशी ट्रॅकवाल्यांमध्ये बरीच चर्चा असते. ऑइलची काळजी घेणारा मालक या प्रश्नावर लगेच वही काढून दाखवतो.

रोडस्टरची गंमत कागदावर दिसत नाही. १.५ लिटर, टर्बो नाही, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त २,३१० मिमी, आणि वजन आपल्या स्विफ्टपेक्षा फार वेगळं नाही. गाडी हलकी असल्याने सगळंच स्वस्तात पडतं, टायर, ब्रेक पॅड, पेट्रोल. झडप घालायचा जोर तिच्यात नाही. शिन-तोमेइला १२०च्या वेगात छत उघडं ठेवून गप्पा मारता येतील अशीही अपेक्षा नको. पण ताशी ५० किमीला जी वळणं ८६मध्ये नुसती ‘पार होतात’, ती रोडस्टरमध्ये चालवल्यासारखी वाटतात. हे माझं मत आहे आणि ८६वाले मित्र यावर माझ्याशी भांडतात.

जुनी रोडस्टर बघताना कापडी छतावर लक्ष द्या. छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या निचऱ्याच्या नळ्यांमधून खाली जातं. गाडी झाडाखाली उभी राहिली असेल तर त्यात पानं-माती अडकते आणि पाणी आत उतरतं. सीट पुढे सरकवून मागचा गालिचा हाताने दाबून बघा, ओलसर लागतो का. दार उघडताक्षणी कुबट वास आला तर बाकी काही बघायची गरज नाही. थंड गाडीत पहिल्याच फेरीला दुसरा-तिसरा गिअर कुरकुरतो का तेही ऐका. आणि ग्रेड नीट वाचा. सगळ्यात साध्या ‘एस’मध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारं) नाही आणि वळणात गाडी कलणं कमी करणारा मागचा स्टॅबिलायझर बारही नाही. तिची मऊ चाल काहींना खूप आवडते, पण तुम्ही पहिल्यांदा मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी घेताय, तुम्हाला मी ‘एस स्पेशल पॅकेज’ मॅन्युअल सुचवेन.

‘फीचर्स’ म्हणून तुम्ही स्क्रीन, क्रूझ कंट्रोल, सुरक्षा असं बरंच विचारलंय. थोडक्यात सांगतो. जीआर ८६मध्ये कॅमेऱ्यावर चालणारं आपोआप ब्रेकिंग सुरुवातीला फक्त ऑटोमॅटिकला होतं, मॅन्युअलला ते २०२३च्या सुधारणेपासून मिळालं. रोडस्टरलाही पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि मोठा स्क्रीन त्याच सुमाराच्या बदलात आला. झेड ३४मध्ये यातलं काही नाही. तुमच्या बजेटात २०२३ नंतरची गाडी बसवायला ओढाताण होईल, आणि माझ्या मते स्क्रीनसाठी ती करू नये. फोनचा होल्डर लावा. आपोआप ब्रेकिंग हवंच असेल तर मात्र त्यावर तडजोड करू नका, मग निवड आपोआप लहान होते.

आई-बाबांचं. जीआर ८६ला मागे दोन सीट आहेत, पण तुमच्या बाबांना तिथे बसवून निक्कोला न्यायचं म्हटलंत तर परत येताना ते ट्रेनने येतील. ती मागची सीट सामानासाठी आहे. पाडली तर चार सुटे टायर मावतात, तशीच आखणी केलेली आहे. रोडस्टरच्या डिकीत दोन छोट्या बॅगा आणि वर एखादी पिशवी, बस. पण तुम्ही कावासाकीत राहता. स्टेशनबाहेर शेअरिंगच्या आणि भाड्याच्या गाड्या रांगेने उभ्या असतात. आई-बाबा वर्षातून महिनाभर येतील, त्या महिन्यातल्या चार-पाच सहलींना सात सीटची गाडी भाड्याने घ्या. चार वर्षं रोज मागच्या दोन जादा सीटचं ओझं वागवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. मूल होण्याचा विचार असेल तर मात्र हा हिशेब बदलतो आणि रोडस्टर यादीतून जाते.

यादीबाहेरच्या दोन गाड्यांबद्दल लोक विचारतातच, म्हणून. होंडा एस२००० अप्रतिम गाडी, पण तिचे भाव आता हौशी संग्राहकांच्या हातात गेलेत, रोज वापरायच्या माणसाने नादी लागू नये. माझदा आरएक्स-८ स्वस्त दिसते. तिचं रोटरी इंजिन कागदावर १.३ लिटरचं, पण कर मोजताना आकार दीडपट धरतात, म्हणून ती २ लिटरच्या गटात जाते. रोटरीचं कॉम्प्रेशन त्यासाठीच्या वेगळ्या टेस्टरने मोजून, कागद हातात घेतल्याशिवाय तिला हात लावू नका.

विकताना काय परत मिळेल ते बाजारावर आहे, त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ढोबळ सांगायचं तर मॅन्युअल, अपघात नसलेली आणि मूळ अवस्थेतली रोडस्टर किंवा ८६ साध्या हॅचबॅकपेक्षा भाव खूपच चांगला धरून ठेवते. ‘मूळ अवस्थेतली’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. सायलेन्सर बदलायचा असेल तर जुना जपून ठेवा, मावणार नसेल तर बदलू नका. घेताना डीलरकडे लिलावाचा कागद, म्हणजे लिलावाच्या वेळी केलेल्या तपासणीचा अहवाल, मागा. ४ किंवा ४.५ ग्रेडची गाडी तुम्हाला पुरे. ‘आर’ लिहिलेली म्हणजे सांगाड्याला दुरुस्ती झालेली, ती स्पोर्ट्स कारमध्ये मी स्वतः घेणार नाही. गाडीच्या आकृतीवर ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे तिथे पत्रा ठोकून रंगवलाय. दोन-चार ‘ए’ असलेली गाडी बिनधास्त घ्या. एकाच बाजूला तीन ‘डब्ल्यू’ दिसले तर गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुण्याला न्यायचा विचार सोडून द्या. भारतात वापरलेली गाडी आणायला ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, तीही फक्त मुंबई बंदरातून, आणि वर भरमसाट ड्युटी व सर्टिफिकेटांच्या बारा भानगडी. चार वर्षांनी तुमची गाडी त्या अटीत बसणारच नाही. शिवाय माझदा भारतात गाड्या विकत नाही, मग पुण्यात पुढचा बंपर मागवायचा कुठून?

तर माझं उत्तर असं. पार्किंगची पाटी १८००ची असो वा १८५०ची, या बजेटातली झेड तुम्ही घेऊ नये. ट्रॅकवर जायचा मनापासून इरादा असेल, वर्षातून काही वेळा फुजी किंवा त्सुकुबाला, तर जीआर ८६ किंवा बीआरझेड घ्या. उघड्या छताच्या गाडीला बऱ्याच ठिकाणी रोल बार लावल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि तो लावला की डिकीबरोबर मनःशांतीही जाते. ट्रॅक नको, रविवारी पहाटे हाकोने, येताना दाईकोकूच्या पार्किंग एरियात थांबून गाड्या बघायच्या, एवढंच असेल तर २०१८ किंवा त्यानंतरची १.५ रोडस्टर घ्या. २०१९च्या ऑक्टोबरनंतरची मिळाली तर कर आणखी कमी. तुमच्या ३५ लाखांतून बरेच उरतील. त्यातले थोडे चांगल्या टायरवर घाला, बाकीचे दोन शाकेनसाठी बाजूला ठेवा. तुमच्या लिहिण्यावरून मला तुम्ही दुसऱ्या गटातले वाटता, पण ते तुम्हीच ठरवा.

ठरवण्याआधी दोन्ही गाड्या एकेक दिवस भाड्याने घेऊन चालवा, रोडस्टर आणि ८६ दोन्ही भाड्याने मिळतात. बायकोलाही चालवायला द्या आणि शेजारच्या सीटवर तासभर बसून बघा, कारण त्या सीटवरचं मत घरात जास्त टिकतं. गाडी पसंत पडली की लिलावाच्या कागदाचा फोटो इथे टाका, नंबरप्लेट आणि नावं झाकून. आठवड्याच्या शेवटी मला वेळ असतो, बघून सांगतो.